वैऱ्याचा चेहरा

२०२५ साली साडेतीन महिन्यांच्या अंतराने दोन ॲनिमेशनपट प्रदर्शित झाले आणि दोघांनीही आपापल्या बाजारपेठेतल्या जाणकारांचे अंदाज चुकवले. ११ एप्रिलला अमेरिकेत ‘द किंग ऑफ किंग्ज’ हा येशूचे चरित्र सांगणारा, दक्षिण कोरियातील स्टुडिओने बनवलेला चित्रपट लागला. पहिल्या तीन दिवसांतच त्याने सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर मिळवले आणि ‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’ने १९९८ मध्ये बायबलवरील ॲनिमेशनपटांसाठी घालून ठेवलेला सलामीच्या कमाईचा विक्रम मागे टाकला. २५ जुलैला भारतात ‘महावतार नरसिंह’ लागला आणि त्याची जगभरातील कमाई ३०० कोटी रुपयांच्या पुढे गेली. मी अमेरिकेत राहतो आणि घरात शाळकरी मुलगा आहे, त्यामुळे हे दोन्ही चित्रपट मी त्याच्यासोबत पाहिले; आणि दोन्ही वेळा नाशिकच्या नातेवाइकांशी फोनवर बराच वेळ वाद घालत बसलो.

त्या वादाच्या दोन बाजू महाराष्ट्रात सर्वांच्याच परिचयाच्या आहेत. एका बाजूचे म्हणणे असे की, आपली मुले इतकी वर्षे परदेशी सुपरहिरो पाहत वाढली, आता निदान त्यांना प्रल्हाद कोण ते कळेल आणि चार चांगले संस्कार होतील. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, ज्या वयात मुलांनी प्रश्न विचारायला शिकावे त्या वयात त्यांच्या मनात रंगीत चित्रांच्या वाटेने धर्म भरण्याचा हा धंदा आहे. गंमत अशी की, नरसिंहाच्या वेळी पहिल्या बाजूला असलेली माझी आत्या येशूचा विषय निघताच दुसऱ्या बाजूला गेली आणि ‘नातवाला धर्मांतराच्या सिनेमाला कशाला नेलंस?’ असे तिने मला स्पष्टच विचारले.

या भीतीला मी फार महत्त्व देत नाही. ‘किंग ऑफ किंग्ज’चे वितरण करणारी एंजल स्टुडिओज ही युटा राज्यातील कंपनी आहे. कोणते चित्रपट हाती घ्यावेत याचा कौल ती आपल्या सभासदांकडून घेते आणि प्रेक्षकांनी अनोळखी लोकांच्या तिकिटांचे पैसे आगाऊ भरावेत असेही आवाहन करते. हा सारा व्यवहार मुख्यतः चर्चला जाणाऱ्या कुटुंबांच्या भरवशावर चालतो. ज्यांचा विश्वास आधीच आहे तेच मुलाबाळांसह येतात. शिवाय, आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत तंबूवजा थिएटरमध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला, तेव्हा पडद्यावर ख्रिस्त सरकत असताना त्यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण उभे राहिले, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ख्रिस्तचरित्र पाहून फाळके ख्रिस्ती झाले नाहीत, चित्रपट-निर्माते झाले. हे मी आत्याला सांगितले तेव्हा तिने विषय बदलून दिवाळीच्या तिकिटांचे काय झाले ते विचारले.

माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती सांगण्यापूर्वी चित्रपटाची चौकट सांगणे भाग आहे. ‘किंग ऑफ किंग्ज’ चार्ल्स डिकन्सच्या एका छोट्या पुस्तकावर बेतलेला आहे. डिकन्सने १८४६ ते १८४९ या काळात येशूची गोष्ट केवळ आपल्या मुलांसाठी लिहिली. ती छापायची नाही असे त्याने घरच्यांना बजावले होते, आणि त्याच्या मुलांपैकी अखेरचा हयात मुलगा वारल्यानंतर १९३४ मध्येच ती प्रसिद्ध झाली. चित्रपटात डिकन्स ही गोष्ट आपल्या वॉल्टर नावाच्या मुलाला सांगतो. आर्थर राजाच्या तलवारीने वेडावलेला हा मुलगा मांजरासह थेट येशूच्या गालील प्रांतात जाऊन पोहोचतो आणि प्रत्येक चमत्कार जवळून पाहतो. युक्ती चांगली आहे, मुलांना ती लगेच पटते. (हा वॉल्टर पुढे सोळाव्या वर्षी कंपनीच्या सैन्यात दाखल होऊन हिंदुस्थानात आला, ते साल नेमके १८५७ होते; आणि १८६३च्या अखेरच्या दिवशी, वयाच्या बाविसाव्या वर्षी तो कलकत्त्यात वारला. पडद्यावर खेळण्यातली तलवार परजणारे ते पोर पाहताना ही माहिती डोक्यातून जात नाही.)

येशू त्यात जसा दाखवला आहे त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. तो सौम्य आहे, थोडा अधिकच गुळगुळीत आहे, आणि क्रूसावरचा मृत्यू मुलांना झेपेल इतका आवरून दाखवला आहे. मला खटकला तो ज्यूंचा मुख्य याजक कयफा. त्याला आवाज बेन किंग्जली यांनी दिला आहे, म्हणजे ज्यांना आपण पडद्यावर गांधीजी म्हणून पाहिले त्यांचाच तो आवाज. पण या कयफाच्या मनात काय चालले आहे ते कळायला मुलांना वाव नाही. योहानाच्या शुभवर्तमानातला कयफा निदान एक हिशेब मांडतो: रोमी सत्ता सगळ्या लोकांचा नाश करील, त्यापेक्षा एकाने मरावे. तो हिशेब भयंकर आहे, पण परक्या सत्तेखाली जगणाऱ्या माणसाचा आहे. चित्रपटातले याजक मात्र कटकारस्थान करण्यासाठीच जन्मल्यासारखे वाटतात.

भारतात राहिलो असतो तर हे मला जाणवले नसते, याची मला खात्री आहे. ज्यू म्हटले की कोकणी माणसाला शनिवार तेली आठवतात: शनिवारी घाणा बंद ठेवणारे, घरात मराठी बोलणारे, रायगडच्या गावागावांत इतरांसारखेच नांदलेले बेने इस्रायल. ‘येशूला ज्यूंनी मारले’ या वाक्याने आपल्याकडे कुणाचे घर जळाल्याची आठवण नाही. इथे आमच्या शेजारी राहणारे ज्यू कुटुंब आपल्या मुलांना अशा चित्रपटांना पाठवत नाही, आणि त्यामागे शतकांची शहाणीव आहे. युरोपात ईस्टरचा आठवडा हा ज्यूंनी दारे लावून बसण्याचा आठवडा असे. रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्ह शहरातले ज्यूंचे हत्याकांड १९०३ च्या ईस्टरलाच सुरू झाले. बव्हेरियातील ओबरआमरगाऊ या गावात येशूच्या अखेरच्या दिवसांचे नाट्य १६३४ पासून होत आले आहे. त्याच्या त्रिशतकी प्रयोगाला १९३४ साली हिटलर येऊन बसला होता. येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट ज्यूंवर टाकता येणार नाही, हे कॅथलिक चर्चने अधिकृतपणे १९६५ मध्ये सांगितले, आणि ओबरआमरगाऊच्या संहितेची खरीखुरी झाडाझडती त्यानंतरही अनेक वर्षांनी, ज्यू संघटनांनी लावून धरल्यावर झाली. आता तिथे येशू प्रार्थना करतो ती हिब्रूत आणि त्याच्या बाजूने बोलणारे याजकही रंगमंचावर दिसतात.

हेच काम मुलांच्या चित्रपटात किती सहज करता येते याचे उदाहरण पंचवीस वर्षांपूर्वीचे आहे. ‘द मिरॅकल मेकर’ हा वेल्स आणि रशियातल्या कलावंतांनी मिळून केलेला चित्रपट २००० साली आला. त्यात मुख्य कथा बाहुल्यांच्या हालचालींतून उलगडते, तर दृष्टान्त आणि मनातले प्रसंग हाताने काढलेल्या चित्रांत येतात. पण मला त्याचे मोल वाटते ते त्यातल्या दृष्टिकोनासाठी. ही गोष्ट याईराच्या आजारी मुलीच्या डोळ्यांनी दिसते. याईर हा ज्यूंच्या सभास्थानाचा, म्हणजे प्रार्थनास्थळाचा अधिकारी, म्हणजे ज्या वर्तुळातून येशूला विरोध झाला त्याच वर्तुळातला बाप. तो घुटमळतो, लोक काय म्हणतील याला घाबरतो, आणि शेवटी मुलीसाठी येशूकडे जातो. हे घर पाहिलेल्या मुलाला ‘ते लोक वाईट होते’ असे म्हणणे अवघड जाते, कारण येशू, त्याची आई, त्याचे शिष्य आणि त्याचे विरोधक हे सारे एकाच समाजाचे आहेत हे त्याने पाहिलेले असते.

आता नरसिंहाकडे येतो. आपल्याकडे पौराणिक चित्रपटांवर चर्चा होते ती देवाच्या वेषाची, संवादांची, भावना दुखावल्याची. २०२३ मध्ये ‘आदिपुरुष’वरून झालेला गदारोळ मुख्यतः हनुमानाच्या तोंडच्या टपोरी भाषेवरून होता. मुलगा पाहतो ते निराळेच. तो पाहतो की वाईट माणसाचे शरीर कसे असते, त्याचा रंग कोणता असतो, त्याचे हसणे कसे असते. आणि सोमवारी शाळेच्या मैदानावर तेच उतरते. ‘महावतार नरसिंह’बद्दल मला इतके श्रेय द्यावेसे वाटते की, त्यातल्या हिरण्यकशिपूला कारण आहे: वराहाने मारलेल्या भावाचा शोक. या बाबतीत तो इथल्या कयफापेक्षा अधिक नशीबवान ठरला. आणि मुळातल्या कथेतच एक उतारा आहे, तो म्हणजे भक्त प्रल्हाद असुराच्याच घरात जन्मतो. तरी शेवटच्या अर्ध्या तासातल्या संहारात पडदा इतका रंगून जातो की आमच्या चिरंजीवांना प्रल्हादाच्या बापाचे नव्हे, एका राक्षसाचे पोट फाडले गेले एवढेच लक्षात राहिले. ‘मग प्रल्हाद रडला का?’ हे मला विचारावे लागले, आणि त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

महाराष्ट्राला तर हा प्रश्न नवा नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त हीच कथा दुसऱ्या बाजूने सांगितली: त्यांचा नरसिंह कपटी आहे आणि प्रल्हाद बापाविरुद्ध फितवला गेलेला कोवळा मुलगा आहे. त्याच पुस्तकात दीनदुबळ्यांचा कैवार घेणाऱ्या येशूला ते बळीराजाच्या मालिकेत बसवतात. आठ वर्षांच्या मुलाला फुले वाचून दाखवावेत असे माझे म्हणणे नाही, आणि फुल्यांची ती मांडणी इतिहास म्हणून मी स्वीकारतोही असे नाही. पण ज्या समाजात भाऊबीजेला बळीचे राज्य येवो म्हणून ओवाळले जाते, त्याने तरी पराभूताची बाजू मुलांच्या चित्रपटात कशी येते एवढे पाहायला हवे होते. ते सोडून आम्ही संस्कार की प्रचार यावर घसे कोरडे करतो.

‘महावतार’ मालिकेतला पुढचा चित्रपट २०२७ साठी जाहीर झाला आहे आणि तो परशुरामाचा आहे. एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय करणारा, कोकणची भूमी समुद्रातून काढणारा, फुल्यांनी ‘चिरंजीव असशील तर समोर ये’ म्हणून जाहीर नोटीस काढली तो हा देव. सहस्रार्जुनाने जमदग्नीच्या आश्रमातून गाय पळवली इथपर्यंतची बाजू मांडणे सोपे आहे. त्यानंतर एकवीस वेळा कोण मारले गेले, त्यांना चेहरे दिले जातात की नाही, त्यांच्या घरात मुले दिसतात की नाही, हे पाहायला मी मुलाला घेऊन पहिल्याच आठवड्यात जाणार आहे. आत्यालाही तिकडे तोच चित्रपट पाहायला सांगितले आहे, म्हणजे फोनवर दोघांचे बोलणे एकाच गोष्टीबद्दल तरी होईल.