बेस गिटारमधील किल स्विच: ‘हॉट तार कापा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

बेस गिटारमध्ये किल स्विच, म्हणजे दाबताच आवाज बंद करणारे बटन, कसा बसवावा याविषयीचा एक सल्ला वादकांमध्ये हातोहात फिरतो आहे. त्याचा सारांश असा: आउटपुट जॅककडे जाणारी हॉट (सिग्नल नेणारी) तार कापावी आणि एरवी जोडलेले, पण दाबल्यावर तुटणारे बटन तिच्यामध्ये बसवावे, सिग्नल ग्राउंडला (परतीच्या, शून्य व्होल्टेजच्या बाजूला) शॉर्ट करण्याच्या भानगडीत पडू नये, कारण त्याने पिकअप (तारांच्या कंपनाचा विद्युत सिग्नल करणारी गुंडाळी) किंवा ॲम्प्लिफायर जळतो आणि दर वेळी ‘टक्’ असा आवाजही येतो, बटन जितक्या जास्त अँपिअरचे तितके ते टिकाऊ, ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणारा) बेस असेल तर बॅटरी वाचते, शिवाय विजेच्या धक्क्यापासून संरक्षण मिळते ते वेगळेच. यातली एकच गोष्ट खरी आहे: हॉट तार तोडली की बेसचा सूर थांबतो. मात्र सूर थांबणे आणि शांतता होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि किल स्विच लावायचा तो शांततेसाठी.

आधी जळण्याची भीती घेऊ, कारण बाकीचा सारा सल्ला तिच्यावरच उभा आहे. पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेल्या, बेसच्या पिकअपमधील गुंडाळीचा रोध साधारण ७ ते ११ किलोओहम असतो. तार जोरात छेडली आणि क्षणभर १ व्होल्ट निर्माण झाला असे धरले, तरी १० किलोओहमच्या गुंडाळीतून शॉर्ट अवस्थेत वाहणारा प्रवाह ०.१ मिलिअँपिअर, आणि तिच्यात खर्च होणारी शक्ती एका मिलिवॉटचा दहावा भाग एवढीच भरते. इतक्याने गुंडाळी कोमटसुद्धा होत नाही. मुख्य म्हणजे हा शॉर्ट प्रत्येक वादक रोज करतच असतो. फेंडर प्रिसिजन धाटणीच्या बेसचा व्हॉल्यूम शून्यावर आणला की पॉटचा (व्हॉल्यूमच्या बदलत्या रोधकाचा) सरकता संपर्क ग्राउंडला टेकतो आणि जॅकचे टोक थेट ग्राउंडला जोडले जाते. किल स्विच तेच काम बोटाच्या एका दाबाने करतो. दोन पिकअप आणि दोन व्हॉल्यूम असलेल्या गिब्सन लेस पॉल धाटणीच्या गिटारवर एक व्हॉल्यूम शून्यावर ठेवून निवड-स्विच खटाखट फिरवण्याची जी युक्ती गिटारवादक टॉम मोरेलोमुळे सर्वदूर पोहोचली, तिच्यातही नेहमीच्या वायरिंगमध्ये आउटपुट ग्राउंडलाच टेकते, उघडे पडत नाही.

ॲम्प्लिफायरच्या बाजूने पाहिले तर कितीतरी ॲम्प्लिफायरांच्या इनपुट जॅकमध्ये एक स्विच असतो, जो प्लग काढताच इनपुट आपोआप ग्राउंडला शॉर्ट करतो. मोकळ्या जॅकमधून खरखर येऊ नये म्हणून उत्पादकांनीच केलेली ही सोय आहे. अफवेचे मूळ बहुधा आउटपुटच्या बाजूला असावे. ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरच्या स्पीकरच्या तारा एकमेकींना चिकटल्या किंवा ट्यूब ॲम्प्लिफायर स्पीकरविना वाजवला, तर नुकसान खरोखरच होते. स्पीकरचा हा नियम गिटारच्या इनपुटला लावणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

आता तार कापण्याकडे वळू. ॲम्प्लिफायरच्या इनपुटचा रोध सहसा १ मेगाओहमच्या आसपास असतो. बेस जोडलेला असतो तेव्हा या इनपुटला समोर काही किलोओहमची पिकअप दिसते आणि आसपासच्या विद्युतक्षेत्रातून शिरणारी किरकोळ हमिंग तिच्यातून ग्राउंडला निघून जाते. मधली तार तुटली की ही वाट बंद होते. मग बटनापासून जॅकपर्यंतचा तुकडा आणि पुढची केबल हे दोन्ही अधांतरी लोंबकळतात, आणि त्यांनी टिपलेली ५० किंवा ६० हर्ट्झची हमिंग जायला फक्त ॲम्प्लिफायरचा तो मोठा रोध उरतो. प्लगच्या उघड्या टोकाला बोट लावल्यावर जी घरघर होते, तिचेच हे सौम्य रूप आहे. चांगली शिल्ड असलेली आखूड केबल, कमी गेन (सिग्नल वाढवण्याचे प्रमाण) आणि दिवे-अडॅप्टरांपासून दूरची जागा असेल तर ही घरघर जाणवणार नाही, हे मान्य. या सल्ल्याची प्रात्यक्षिके नेमकी अशाच परिस्थितीत केलेली असतात. तोच बेस डिस्टॉर्शन आणि कॉम्प्रेसरमधून, म्हणजे बारीक आवाजही मोठा करणाऱ्या उपकरणांतून, वाजवावा आणि बटन दाबावे. सूर जातो, पण त्याच्या जागी घरघर येऊन बसते. म्हणून हॉट तार अखंड ठेवावी, एरवी उघडे आणि दाबल्यावर जुळणारे बटन घ्यावे, आणि त्याचे एक टोक जॅकच्या हॉट टोकाला तर दुसरे जॅकच्या ग्राउंडला जोडावे. दोन तारा आणि सोल्डरचे चार डाग, एवढेच काम आहे.

या जोडणीचा आणखी एक लाभ आहे, आणि माझ्या मते तो हमिंगपेक्षाही मोठा आहे. बटन कधी ना कधी बिघडतेच. बहुतेक वेळा त्याच्या संपर्कांवर मळ किंवा ऑक्साइडचा थर चढतो आणि ते नीट जुळेनासे होते. ग्राउंडला जोडलेल्या बटनाचे असे झाले तर किल स्विच चालत नाही, पण बेस वाजत राहतो. तार कापून बसवलेल्या बटनाचे तेच झाले तर सारा सिग्नल त्या मळक्या संपर्कातून जात असल्यामुळे आवाज खरखरतो, विरतो किंवा ऐन कार्यक्रमात बंदच पडतो. अँपिअरचा मुद्दाही येथेच निकालात निघतो. मोठ्या प्रवाहासाठी बनवलेल्या स्विचचे चांदीचे संपर्क स्वतःवरचा थर फोडण्यासाठी त्या मोठ्या प्रवाहावरच विसंबतात. पिकअपच्या मायक्रोअँपिअरांना ते साधत नाही. म्हणून १० अँपिअरचे दणकट बटन येथे उलट लवकर दगा देऊ शकते, आणि सोन्याचा मुलामा असलेल्या संपर्कांचे छोटे बटन अधिक भरवशाचे ठरते.

ॲक्टिव्ह बेसच्या बाबतीत थोडी सावधगिरी हवी, मात्र सल्ला देणारे सांगतात त्या कारणासाठी नव्हे. तेथे जॅकच्या मागे पिकअप नसून ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारे छोटे सर्किट, असतो. त्यातील टीएल०७२ सारख्या ऑप-ॲम्पला (सिग्नल वाढवणाऱ्या चिपला) शॉर्टपासून अंगभूत संरक्षण असते, त्यामुळे तो जळत नाही. तरी शॉर्ट असताना तो उगाच जोर लावतो आणि बॅटरी अधिक खातो. प्रीॲम्पचे आउटपुट आणि बटनाचा जोड यांच्यामध्ये १ किलोओहमचा रोधक घातला की हा प्रश्न मिटतो, आणि १ मेगाओहमच्या इनपुटपुढे त्या रोधकामुळे होणारी घट हजारात एक भाग एवढीच असते. राहिली बॅटरी वाचण्याची गोष्ट. ॲक्टिव्ह बेसमध्ये बॅटरीची ऋण बाजू सहसा स्टीरिओ जॅकच्या मधल्या संपर्काला जोडलेली असते आणि मोनो प्लग आत जाताच प्रीॲम्प सुरू होतो. त्यामुळे बॅटरी वाचवायची तर प्लग काढायला हवा; हॉट तारेवरचे बटन तासभर दाबून धरले तरी प्रीॲम्प चालूच राहतो.

धक्क्यापासून संरक्षणाचा दावा तर धोकादायक आहे. बेसच्या धातूच्या तारा ब्रिजमार्गे ग्राउंडला जोडलेल्या असतात आणि किल स्विच या वाटेला हातच लावत नाही. ॲम्प्लिफायरचे अर्थिंग सदोष असेल तर बटन दाबूनही धोका तितकाच राहतो. काही उत्साही मंडळी यावर उपाय म्हणून ग्राउंडची तारच बटनाने तोडतात; त्यांना संरक्षण काही मिळत नाही, कानठळ्या बसवणारी हमिंग मात्र मिळते.

शेवटचा आक्षेप ‘टक्’ या आवाजाचा. तो आवाज खरा आहे, पण त्याचा दोष ग्राउंडच्या जोडणीवर ढकलता येत नाही. लहरीच्या मध्येच सिग्नल तुटला की पायरीसारखी उडी तयार होते, मग तो कोणत्याही रीतीने तोडलेला असो. बेसवर हे जास्त जाणवते. चार तारांच्या बेसच्या मोकळ्या ई तारेची वारंवारता ४१.२ हर्ट्झ, म्हणजे एक आवर्तन सुमारे २४ मिलिसेकंदांचे. सेकंदाला दहा वेळा बटन टपटपवले तर प्रत्येक तुकड्यात जेमतेम दोन आवर्तने मावतात. कान तेथे सूर ओळखण्याआधी ठोकाच ऐकतो आणि स्पीकरच्या कॅबिनेटमध्ये ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) असेल तर तो त्याला आणखी धार आणतो. बाराव्या पडद्यापलीकडच्या स्वरांवर, विशेषतः डिस्टॉर्शन लावून, तुटक सुराचा परिणाम स्वच्छ ऐकू येतो. बटनाच्या प्रत्येक दाबाला सूर नसतानाही ठळक ‘ठप्’ येत असेल, तर संशय पुढच्या पेडलवर घ्यावा. त्याच्या इनपुटवरून गळणारा एकदिश व्होल्टेज केबलवर येतो आणि बटनाने तो अचानक शून्यावर येतो.

पॅसिव्ह बेसची जोडणी बरोबर झाली की नाही हे पाहायला मल्टिमीटर पुरेसा आहे. केबल बेसला लावून तिच्या दुसऱ्या प्लगचे टोक आणि दांडा यांमधला रोध व्हॉल्यूम पूर्ण ठेवून मोजावा. एका पिकअपच्या बेसवर काही किलोओहम दिसतील आणि बटन दाबताच आकडा जवळजवळ शून्यावर यायला हवा. दाबल्यावर आकडा अनंताकडे गेला, तर तार कापलेली आहे. ती पुन्हा जोडून बटन बदलावे.