‘मुलींनी कॉलेजात एक रुपयाही भरू नये’: त्या मेसेजमधलं किती खरं, किती फसवं

बारावीचा निकाल लागला की नाशिकमधल्या सोसायटीच्या, गावकीच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तो मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, पण गाभा तोच. ‘सरकारने मुलींचं उच्च शिक्षण पूर्ण मोफत केलं आहे. कुठल्याही कॉलेजात प्रवेश घ्या, एक रुपयाही भरू नका, फक्त उत्पन्नाचा दाखला द्या. पैसे आपोआप जमा होतात. हॉस्टेलही फुकट. कॉलेजने फी मागितली तर त्याची मान्यता रद्द होते. मुलांना मात्र काही नाही, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींना वगळलं आहे.’

मेसेज अगदीच हवेतला नाही. योजना खरी आहे आणि भरघोस आहे. पण ती प्रत्यक्षात मिळते की नाही हे ज्या अटींवर ठरतं, नेमक्या त्याच या मेसेजमधून गळाल्या आहेत. म्हणून एकेक दावा तपासू.

‘सगळ्या मुली, कुठलंही कॉलेज’

आधार आहे तो उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाचा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग म्हणजे एसईबीसी, आणि इतर मागास वर्ग अशा तीन प्रवर्गांतल्या मुलींना आधी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचा ५० टक्के लाभ मिळायचा. तो २०२४-२५ पासून १०० टक्के झाला. पालकांचं वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपये किंवा त्याहून कमी हवं. अनाथ मुलं आणि मुली, दोघांनाही हा लाभ दिला आहे.

अभ्यासक्रम व्यावसायिक हवा. इंजिनिअरिंग, फार्मसी, वैद्यकीय, कृषी, व्यवस्थापन वगैरे. साधं बीए, बीकॉम, बीएस्सी या निर्णयात बसत नाही. इथे एक बारीक फट आहे. बीबीए आणि बीसीए २०२४ पासून सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) आणि केंद्रीभूत प्रवेशाच्या कक्षेत आले, तेव्हा काही कॉलेजांनी तोच अभ्यासक्रम नाव बदलून सीईटीविना सुरू ठेवला. शिकवतात जवळपास तेच, पण शिष्यवृत्तीच्या यादीत ते नाव शोधून सापडत नाही.

कॉलेजांमध्ये खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं स्पष्टपणे वगळली आहेत. नाशिककरांनी हे विशेष लक्षात ठेवावं. एकाच आवारात एकाच व्यवस्थापनाचं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेज असतं आणि शेजारच्या इमारतीत खासगी विद्यापीठही असतं. समुपदेशक एकच, माहितीपत्रक एकच, आणि पाटीवरून फरक कळत नाही. साधा उपाय म्हणजे सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतला संस्थेचा क्रमांक मागायचा. तंत्रशिक्षणाच्या नाशिक विभागातल्या संस्थांचे क्रमांक ५ ने किंवा ०५ ने सुरू होतात. असा क्रमांक सांगता येत नसेल, तर ‘स्कॉलरशिप मिळेल हो’ या तोंडी शब्दावर जाऊ नये.

मेसेजमध्ये जे लिहिलेलंच नाही: जागा कोणती?

सगळ्यात जास्त घरं इथेच फसतात. लाभ फक्त केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’मधून मिळालेल्या जागेला आहे. व्यवस्थापन कोटा आणि संस्थास्तरावरचे, म्हणजे कॉलेजने स्वतः दिलेले प्रवेश निर्णयाच्या मजकुरातच वगळले आहेत. कॉलेज तेच, वर्ग तोच, प्रवर्ग तोच, उत्पन्न तेच असलं तरी कॅपमधून आलेल्या मुलीचं शिक्षण शुल्क सरकार भरतं आणि संस्थास्तरावर आलेल्या मुलीच्या घरी पूर्ण फीचा आकडा येतो.

नेहमी घडतं ते असं. मुलीला दुसऱ्या फेरीत संगमनेर किंवा धुळ्याचं कॉलेज लागतं. घरचे म्हणतात, ‘एवढ्या लांब कशाला, नाशिकमध्येच बघू, फी तर माफच आहे.’ मग कॅपची जागा सोडून गंगापूर रोड किंवा पंचवटीकडच्या कॉलेजात संस्थास्तरावर प्रवेश होतो, आणि चार वर्षांची फी माफी हातची जाते. कॅपच्या फेऱ्या संपल्यावर रिकाम्या राहिलेल्या जागा कॉलेजच भरतं. त्या जागेवर प्रवेश घेतानाही जागेचा प्रकार काय नोंदवला जाणार, हे आधी लेखी विचारून घ्यावं.

याची काळजी पर्यायांचा फॉर्म भरतानाच घ्यावी लागते. चार नामांकित कॉलेजं टाकून फॉर्म ‘लॉक’ करण्यापेक्षा, जिथे खरोखर जायची तयारी आहे अशी नाशिक, ओझर, सिन्नर, निफाड पट्ट्यातली शक्य तितकी कॉलेजं आणि शाखा पसंतीच्या उतरत्या क्रमाने टाकाव्यात. जागा मिळाली की कॅपचं अलॉटमेंट पत्र आणि प्रवेश निश्चितीची पावती, दोन्ही जपून ठेवायच्या. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करताना ‘प्रवेश कशातून’ या रकान्यात चुकून संस्थास्तर निवडलं, तर योजनाच यादीत दिसत नाही आणि माणूस पोर्टलला शिव्या देत बसतो.

‘एक रुपयाही नाही’

माफ होतं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. फी म्हणजे तेवढंच नसतं. समजा, शुल्क नियामक प्राधिकरणाने एका कॉलेजची वार्षिक फी १,१०,००० रुपये ठरवली आणि त्यात शिक्षण शुल्क १,००,००० तर विकास शुल्क १०,००० आहे. पात्र मुलीचे १,००,००० आणि परीक्षा शुल्क योजनेतून येतील. विकास शुल्काचे १०,००० घरूनच द्यायचे. परत मिळणारी अनामत, बस, मेस, हॉस्टेल, पुस्तकं आणि गणवेश वेगळे. म्हणजे ‘मोफत’ प्रवेशाच्या दिवशीही खिशात काही हजार लागतात. ते ऐनवेळी उसने मागावे लागू नयेत म्हणून कॉलेजकडून शीर्षकनिहाय फीचा तक्ता आधीच घ्यावा.

‘फक्त उत्पन्नाचा दाखला’

दाखला लागतोच, पण तो एकटा पुरत नाही. प्रवर्गाचा पुरावा, अधिवास प्रमाणपत्र, अलॉटमेंट पत्र, गुणपत्रिका, मध्ये वर्ष गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र हेही हवं. आरक्षित प्रवर्गातून व्यावसायिक अभ्यासक्रमाची जागा घेतली तर जात वैधता प्रमाणपत्रही लागतं. २००१ च्या महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २३ खाली जात पडताळणी समिती ते देते आणि त्याला महिने लागू शकतात. अकरावीत असतानाच कॉलेजच्या शिक्क्यासह अर्ज टाकलेला बरा. प्रवेशाच्या हंगामात नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात रांगेत उभं राहून काम लवकर होत नाही.

इतर मागास वर्गात सर्वात मोठा गोंधळ नॉन-क्रीमी लेयरचा, म्हणजे कुटुंब प्रवर्गातल्या प्रगत गटात मोडत नाही या प्रमाणपत्राचा. ‘नॉन-क्रीमी आहे म्हणजे उत्पन्न ८ लाखांच्या आत’, असं गृहीत धरलं जातं. हिशेब वेगळे आहेत. क्रीमी लेयरच्या उत्पन्न कसोटीत पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. शिष्यवृत्तीसाठी लागणाऱ्या तहसीलदारांच्या दाखल्यात मात्र सगळ्या मार्गांचं उत्पन्न येतं. आई शिक्षिका आणि वडील लिपिक असलेल्या घरात नॉन-क्रीमी लेयर रीतसर मिळतं, पण दोन पगारांची बेरीज ८ लाखांच्या वर गेली की फी माफी नाही. दिंडोरी-निफाडच्या बागायतदारांनाही हेच लागू. द्राक्षाचं उत्पन्न क्रीमी लेयरसाठी बाजूला राहतं, दाखल्यात धरलं जातं.

उत्पन्नाचा दाखला आपले सरकार पोर्टलवरून किंवा महा ई-सेवा केंद्रातून काढायचा. लोकसेवा हक्क कायद्याखाली त्याला १५ दिवसांची मुदत आहे. मुदत टळली तर पहिलं अपील त्याच कार्यालयाच्या वरिष्ठांकडे करता येतं. दाखल्यावर वैधतेची तारीख छापलेली असते, ती वाचावी. गेल्या वर्षीचा दाखला अपलोड करणं हे अर्ज परत येण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे बारकोड क्रमांक टाकताना झालेली एका अंकाची चूक.

‘पैसे आपोआप जमा होतात’

आपोआप काहीच होत नाही. अर्ज मुलीने महाडीबीटीवर करायचा. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथला लिपिक कागद तपासून पुढे पाठवतो, मग विभागाच्या कार्यालयात मंजुरी आणि नंतर देयक. कुठल्याही टेबलावरून अर्ज ‘परत पाठवला’ जाऊ शकतो. दुरुस्ती करून पुन्हा सादर करायची जबाबदारी विद्यार्थिनीची, म्हणून आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्थिती बघावी. फोनवर संदेश येईल या भरवशावर राहू नये. अभ्यासक्रमाचं नावच यादीत नसेल, तर ते कॉलेजने पोर्टलवर चढवलेलं नाही. अशा वेळी सायबर कॅफेऐवजी कॉलेजचा शिष्यवृत्ती कक्ष गाठावा. दर वर्षी नूतनीकरणाचा अर्ज वेगळा. पहिल्या वर्षी मंजुरी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी फॉर्मच न भरणाऱ्या मुली कमी नाहीत.

आणि बँक. ‘खातं आधारला लिंक आहे’ म्हणजे त्यात सरकारी रक्कम येईल असं नाही. थेट लाभ हस्तांतरणाची रक्कम आधारशी मॅप झालेल्या एकाच खात्यात जाते, आणि ते म्हणजे सर्वात शेवटी ज्या बँकेने जोडणी केली ते खातं. सिमकार्ड घेताना नकळत उघडलेलं पेमेंट बँकेचं खातंही ते असू शकतं. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ तपासलं की बँकेचं नाव दिसतं. नको ती बँक दिसली तर हव्या त्या शाखेत सीडिंगचा फॉर्म द्यायचा.

जी खाती पूर्ण केवायसीशिवाय (ओळख-पडताळणीशिवाय) ‘छोटं खातं’ म्हणून उघडली आहेत, त्यांना ५०,००० रुपये शिल्लक आणि वर्षाला १ लाख रुपये जमा अशी मर्यादा असते. सरकारी लाभाच्या रकमेला शिल्लकीच्या मर्यादेतून सूट असली, तरी इंजिनिअरिंगच्या फीच्या हप्त्याला असं खातं अडचणीचं ठरू शकतं. बँकेत आधार आणि पॅन देऊन खातं पूर्ण केवायसीचं करून घेणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. ते अर्जाच्या आधी उरकावं.

‘मुलांना काही नाही, अनुसूचित जाती-जमाती वगळल्या’

दोन्ही चूक. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शिक्षण आणि परीक्षा शुल्काचा पूर्ण लाभ आधीपासूनच आहे. २०२४ चा निर्णय ५० वरून १०० टक्के करण्याचा होता, म्हणून त्यात त्यांचं नाव नाही. अडीच लाखांच्या आत उत्पन्न असेल तर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून निर्वाह भत्ताही मिळतो. अनुसूचित जातींच्या बाबतीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातली फीची रक्कम कॉलेजची असते. ती घरखर्चात गेली की कॉलेज निकाल आणि दाखल्याच्या वेळी अडवणूक करतं आणि वाद सुरू होतो. मुलांचं म्हणाल तर, खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, ८ लाखांच्या मर्यादेत ५० टक्के. इतर मागास वर्गातल्या मुलांनाही ५० टक्के.

‘हॉस्टेलही फुकट’

फी माफीच्या निर्णयात हॉस्टेल नाही. त्यासाठी वेगळ्या योजना आहेत आणि त्यांचे अर्जही वेगळे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार, जमातींना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, आणि इतर मागास, भटक्या व विशेष मागास प्रवर्गांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. नाशिक महसुली विभागाचं मुख्यालय असल्याने इथला दर वर्षाला ५१,००० रुपये: भोजन २८,०००, निवास १५,०००, निर्वाह ८,०००. उत्पन्नाची मर्यादा इथे ८ नव्हे, अडीच लाख. शिवाय मूळ गाव सोडून शिकायला आलेल्यांसाठीच या योजना आहेत. सुरगाणा, पेठ, कळवणहून शहरात आलेली मुलगी बसते, सिडकोत राहून पाथर्डी फाट्याच्या कॉलेजात जाणारी बसत नाही. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनाही महाडीबीटीवर बघावी. तिची उत्पन्न मर्यादा ८ लाख आहे.

‘फी मागितली तर मान्यता रद्द’

अशी आपोआप रद्द होणारी मान्यता कुठल्या कायद्यात नाही. देणगी घेणं १९८७ च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्याने गुन्हा आहे. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांच्या फीवर २०१५ च्या कायद्याखालचं शुल्क नियामक प्राधिकरण नियंत्रण ठेवतं, आणि ठरवलेल्या फीपेक्षा जास्त घेतल्याची तक्रार तिथे करता येते. पण ठरलेलं विकास शुल्क मागणं हा गुन्हा नव्हे. मेसेज वाचून तावातावाने कॉलेजात जाणाऱ्या पालकांचं तिथेच हसं होतं.

खरी तक्रार असते ती कॅपच्या पात्र मुलीकडून शिक्षण शुल्क आधी भरून घेण्याची. ‘स्कॉलरशिप आली की परत देऊ’ हे वाक्य त्याचंच. असं झालं तर आधी प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा. त्यात शासन निर्णयाची तारीख, अलॉटमेंट पत्राची प्रत आणि उत्पन्नाचा दाखला जोडावा, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यावा. आठवडाभरात उत्तर आलं नाही, तर तंत्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांसाठी तीच प्रत नाशिकरोडला सामनगाव रस्त्यावरच्या शासकीय तंत्रनिकेतनाच्या आवारातल्या विभागीय कार्यालयात, सहसंचालकांच्या नावे द्यायची. नाइलाजाने पैसे भरावेच लागले तर ऑनलाइन किंवा धनादेशाने भरावेत आणि पावतीवर ‘शिक्षण शुल्क’ असं शीर्षक लिहून घ्यावं. नुसतं ‘इतर फी’ लिहिलेल्या पावतीवर पुढे परतावा मागता येत नाही.