हँडिकॅप कमी करा, खेळ आहे तसाच राहू द्या

नाशकात गोल्फर म्हणवून घ्यायला विशेष खर्च येत नाही. "संध्याकाळी गोल्फ क्लबवर असतो" एवढं म्हटलं की झालं. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला लोक आजही गोल्फ क्लबच म्हणतात. तिथे रणजीचे सामने होतात, ट्रॅकवर सकाळ-संध्याकाळ माणसं चालतात, गोल्फ तेवढा कुणी खेळत नाही. तुम्हीही तिथे चालायलाच जात असाल, तर खोटं बोलल्याचं पापही लागत नाही. पण अलीकडे मंडळी शहाणी झाली आहेत. रविवारी मिसळीच्या टेबलावर दुसरा प्रश्न हमखास येतो, "हँडिकॅप किती?" म्हणजे पारपेक्षा, चांगल्या खेळाडूला लागावेत अशा ठरलेल्या शॉटपेक्षा, जास्तीचे किती शॉट तुम्हाला सवलत म्हणून मिळतात; आकडा जितका कमी, तितका खेळाडू चांगला. तिथे आकडाच द्यावा लागतो, आणि तो एक-अंकी असला तर तर्रीसुद्धा जास्त मिळते. पुढचं सगळं त्या आकड्यासाठी. खेळ सुधारायचा असेल तर कोच गाठा, इथे वेळ घालवू नका.

आकडा तयार कसा होतो ते आधी माहीत हवं. २०२० पासून जगभर टप्प्याटप्प्याने वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम आली. त्याआधी सहा वेगवेगळ्या पद्धती होत्या. आता प्रत्येक राउंडचा (१८ होलच्या फेरीचा) एक डिफरन्शियल, म्हणजे कोर्सच्या कठीणपणाशी जुळवलेला आकडा, निघतो. स्कोअरमधून, म्हणजे लागलेल्या एकूण शॉटमधून, कोर्स रेटिंग (शून्य हँडिकॅपच्या खेळाडूला तिथे लागावेत ते शॉट) वजा करायचं, आलेल्या आकड्याला ११३ ने गुणायचं आणि कोर्सच्या स्लोपने (साध्या खेळाडूला तो कोर्स किती जास्त जड जातो त्या मापाने) भागायचं. कोर्स रेटिंग ७१.२, स्लोप १२४ आणि तुमचा स्कोअर ९३ असेल, तर फरक २१.८ आणि डिफरन्शियल १९.९. अशा शेवटच्या २० राउंडमधले सर्वांत चांगले ८ निवडून त्यांची सरासरी काढली की तो तुमचा हँडिकॅप इंडेक्स.

उरलेल्या १२ राउंडचं काय? काही नाही. तुमचं खरं आयुष्य त्या बारांमध्येच जातं, पण आकड्याला त्यांच्याशी देणंघेणं नाही. लासलगावच्या लिलावात व्यापारी ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालून खालचा कांदा वर काढून बघतो. इथे वरचा थर बघूनच भाव ठरतो. तेव्हा पहिला सल्ला असा, की हँडिकॅपला 'माझा सरासरी खेळ' म्हणायला लागा. ऐकणारे मान डोलावतात. प्रत्यक्षात तो तुमच्या बऱ्या दिवसाचा आकडा आहे. प्रामाणिकपणे कार्ड (राउंडच्या स्कोअरची नोंद) टाकणारा माणूससुद्धा पाच राउंडमध्ये साधारण एकदाच आपल्या हँडिकॅपइतका खेळतो, आणि त्याचा नेहमीचा राउंड दोन-तीन शॉटनी तरी वर असतो. वरच्याच कोर्सचा पार ७२ धरला, तर १४ इंडेक्सवाल्याला तिथे १५ शॉट मिळतात. तो ८७ ऐवजी ९० मारून आला आणि "आज काही लागलंच नाही" म्हणाला, तर त्याला धीर देत बसू नका. तो घरच्याच भावाने खेळलाय.

अगदी नवे असाल तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. इंडेक्स मिळायला ५४ होल पुरतात, म्हणजे १८ होलची तीन कार्डं. त्या तिघांतलं सर्वांत चांगलं घेऊन त्यातून आणखी २.० वजा होतात. डिफरन्शियल २४.३, २७.९ आणि ३१.० आले असतील, तर तुमचा इंडेक्स २२.३. इतका चांगला तुम्ही आयुष्यात एकदाही खेळलेला नाहीत, तरी तो कागदावर आहे. इथेच थांबा. चौथं कार्ड टाकलंत की वजावट २.० वरून १.० वर येते, पाचव्याला ती संपते. आकडा आपणहून वाढत नाही. वाढतो तो कार्ड टाकल्याने. जुन्या खेळाडूंनाही हे लागू आहे. २० राउंड मोजतात ते तारखेने नव्हे, क्रमाने. वर्षाला चार-पाच कार्डं टाकणारा माणूस चार वर्षांपूर्वीची फॉर्म आजही खिशात घेऊन फिरू शकतो.

आता मुख्य कारागिरी, म्हणजे कार्ड लिहिणं. एक होल जवळून बघू. पार ४, साधारण ३८० यार्ड, स्ट्रोक इंडेक्स ५, म्हणजे हँडिकॅपचे शॉट वाटण्याच्या क्रमात पाचवा. तुमचा ड्राइव्ह (पहिला लांब शॉट) उजवीकडे झाडीत गेला. प्रोव्हिजनल बॉल (पहिला हरवला तर म्हणून राखीव) मारायचा नाही, कारण "दिसला मला, तिथेच आहे." नियमाने शोधायला तीन मिनिटं, तुम्ही सात घ्या, कॅडीला पुढे पाठवा. बॉल सापडला नाही तर नियम म्हणतो, टीवर, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागी, परत जा आणि तिसरा शॉट मारा. क्लबने २०१९ नंतरचा तो लोकल नियम लावला असेल तर फेअरवेच्या (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) कडेला बॉल टाकायला, म्हणजे ड्रॉप, मिळतो, पण दोन पेनल्टी घेऊन, म्हणजे पुढचा शॉट चौथा. समजा तो चौथा बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) गेला, पाचवा बंकरमध्येच राहिला, सहावा ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर), सातवा पुट होलपासून चार फुटांवर थांबला आणि आठवा आत. झाले आठ.

हेच तुम्ही कसं मोजायचं? ड्रॉपला "एक पेनल्टी, तिसरा खेळतोय." तिसरा बंकरमध्ये. वाळूतला पहिला धरायचाच नाही, कारण वाळू ओली होती. चौथा ग्रीनवर, पाचवा चार फुटांवर. तिथून जोडीदार "उचल रे, गिमी" म्हणतो. उद्या त्यालाही चार फुटांवर उभं राहायचं असतं. उचललेल्या पुटचा एक शॉट धरावा लागतो ही गोष्ट पुढच्या टीपर्यंत चालता चालता विसरायची असते. कार्डावर ५. बोगी, म्हणजे पारपेक्षा एकच जास्त. वर "ड्राइव्ह झाडीत गेला नसता तर पार होता" असं म्हणायला मोकळे.

गिमीबद्दल एवढंच, की प्रतिस्पर्ध्याने पुट सोडून देणं मॅचप्लेमध्ये (एकेक होल जिंकण्याच्या खेळात) चालतं, स्ट्रोकप्लेमध्ये (सगळे शॉट मोजण्याच्या खेळात) बॉल आत घालावाच लागतो. मॅचप्लेचं कार्ड हँडिकॅपसाठी टाकतानाही पाच फुटांच्या आतल्या बॉलला एक शॉट मिळवून लिहायचा असतो. त्याहून लांब, २० यार्डांपर्यंत, दोन किंवा तीन. पीजीए टूरवरचे व्यावसायिक लोक आठ फुटांवरून निम्म्याच्या आसपास पुट घालतात. आपल्या चौकडीत सहा फुटांचा पुट "दिलाच" म्हणून उचलतात. टूरवाल्यांना चांगले मित्र नाहीत.

इथे जाणकार वाचक अडवेल, की हँडिकॅपच्या हिशोबात तसेही आठच्या आठ धरत नाहीत. बरोबर. एका होलवर जास्तीत जास्त नेट डबल बोगी धरतात, म्हणजे पार अधिक दोन, अधिक त्या होलवर तुम्हाला मिळणारे शॉट. कोर्स हँडिकॅप (त्या कोर्सवर मिळणारे एकूण शॉट) १९ असेल तर या होलवर एक शॉट मिळतो, त्यामुळे मर्यादा ७. आठ मारा, अकरा मारा, नाहीतर बॉल तळ्यात टाकून घरी जा, हिशोबात सातच. तुमचे पाच आणि हिशोबाचे सात, फरक दोनच शॉटचा. पण राउंडमध्ये असे तीन होल केलेत की सहा शॉट, आणि १२४ स्लोपवर ते डिफरन्शियलमध्ये ५.५ होतात. एवढ्यासाठी लोक नवीन ड्रायव्हरवर हजारो रुपये घालतात.

या मर्यादेत आणखी एक सोय दडलेली आहे. हँडिकॅपला अनर्थ दिसत नाही. ज्याच्या राउंडमध्ये दोनदा नऊ आणि एकदा दहा येतात, त्याचं आणि शांतपणे बोगी-बोगी करत येणाऱ्याचं माप जवळपास एकच निघू शकतं. स्ट्रोकप्लेच्या मेडलमध्ये (स्पर्धेत) मात्र नऊचे नऊच राहतात. म्हणून तुमचा स्वभाव स्फोटक असेल तर मेडलला ताप आणायचा आणि स्टेबलफोर्डला बरं व्हायचं. स्टेबलफोर्डमध्ये होलागणिक पॉइंट असतात, बिघडलेल्या होलचा शून्य मिळतो आणि बॉल उचलून पुढे जाता येतं.

जोडीदार निवडायला हेच कामाला येतं. दोन माणसं आहेत, दोघांचाही इंडेक्स १४.०. पहिल्याचे ८ चांगले राउंड १३ ते १५ मध्ये, बाकीचे १५ ते १८. दुसऱ्याचे ८ चांगले ९ पासून १७ पर्यंत पसरलेले, आणि बाकीचे १२ राउंड २० पासून ३० पर्यंत कुठेही. आकडा दोघांचा सारखा, माणसं वेगळी. समोरासमोर शंभर रुपयांची पैज लावायची असेल तर पहिल्याला घ्या. बहुतेक रविवारी तो दुसऱ्याकडून कॉफी वसूल करील. पण ८० जणांच्या नेट (हँडिकॅप वजा करून निकाल लावणाऱ्या) स्पर्धेत पहिला कधीच चमकणार नाही. तिथला कप दुसरा नेतो, कारण त्याच्यात ९ चा एक दिवस आहे आणि कप एकाच दिवसाचा असतो. फोरबॉलमध्ये, जिथे जोडीतला चांगला स्कोअर धरतात, तर दुसराच हवा. त्याचा बिघडलेला होल पार्टनर झाकतो. ही विषमता थोडी कापायला वैयक्तिक स्ट्रोकप्लेला ९५ टक्के आणि फोरबॉल स्ट्रोकप्लेला ८५ टक्केच हँडिकॅप देतात. सगळी कापली जात नाही, याचा फायदा घ्यायला नको असं कुठे लिहिलंय?

कोर्सच्या बाबतीत एकाच मैदानाशी एकनिष्ठ राहा. रेटिंग करणारे एक ठरावीक स्क्रॅच (शून्य हँडिकॅपचा) खेळाडू आणि एक ठरावीक बोगी (साधारण होलागणिक बोगी करणारा) खेळाडू डोळ्यांपुढे ठेवतात. पुरुषांमध्ये पहिला टीवरून २५० यार्ड मारतो, दुसरा २००. दोघांच्या अडचणीत जेवढं अंतर जास्त, तेवढा स्लोप जास्त. तो ५५ ते १५५ मध्ये असतो आणि मधला धरलेला ११३. म्हणजे स्लोप तुमच्या स्लाइसचा (उजवीकडे वळत जाणाऱ्या शॉटचा) अभ्यास करत नाही. तुमच्या नेहमीच्या कोर्सवर उजवीकडे मोकळं रान असेल तर स्लाइस खपतो. पुण्याला जाऊन उजवीकडे ओबी (कोर्सची हद्द) लागली की तोच १२ हँडिकॅप २० सारखा खेळतो. पुण्याचं आमंत्रण आलं की कसारा आणि पुणे हायवे दोन्हीकडचा ट्रॅफिक सांगावा. लोक पत्ता कुठे तपासतात?

वाऱ्याचं निमित्त काढू नका. खराब हवेची नोंद सिस्टिम स्वतः घेते, पण त्या दिवशी त्या कोर्सवर किमान आठ स्कोअर पडले असतील तरच, आणि बदल जास्तीत जास्त तीन शॉटचा. एकटे गंगापूर धरणाच्या बाजूचा वारा खाऊन आलात तर तो तुमचाच.

आता या सगळ्या मेहनतीचं फळ. खरा खेळ १९ चा आणि इंडेक्स १३ चा झाला, की स्पर्धेत तुम्हाला सहा शॉट कमी मिळतात आणि २७-२८ स्टेबलफोर्ड पॉइंट घेऊन तुम्ही यादीच्या तळाशी दिसता. हँडिकॅपइतकं खेळणाऱ्याचे साधारण ३६ होतात. देवळाली कॅम्पातल्या एखाद्या निवृत्त कर्नलला हे वजाबाकी न करताच कळतं. तो काही बोलत नाही, पुढच्या वेळी "पैज लावू या का?" एवढंच प्रेमाने विचारतो.

हा अपमान सोसत नसेल तर उलटा मार्ग धरा. आकडा वाढवा आणि बक्षिसं घ्या. यात प्रतिष्ठा कमी, पण मिक्सर-ग्राइंडर आणि डिनर सेट बरेच येतात. पद्धत साधी आहे. चांगला राउंड झाला की कार्ड "टाकायचं राहून गेलं", वाईट झाला की पार्किंगमधूनच टाकायचं. शेवटच्या तीन ग्रीनवर तीन-तीन पुट करायला शिका. दोन फुटांवरून चुकवताना कपाळाला हात लावायला विसरू नका. घाई मात्र नडते. गेल्या वर्षभरातल्या तुमच्या सर्वांत कमी इंडेक्सच्या ३.० वर गेलात की पुढची वाढ निम्मीच मिळते आणि ५.० वर दारच बंद होतं. म्हणजे १२ चे २० व्हायला किमान दोन हंगाम लागतात. द्राक्षबाग लावणाऱ्या जिल्ह्यात एवढा धीर असायला हरकत नाही.

आणि जिंकताना हात आखडता घ्या. इंडेक्सपेक्षा ७.० किंवा त्याहून चांगला डिफरन्शियल आला की सिस्टिम आपणहून १.० कापते, १०.० किंवा त्याहून चांगला आला की २.०. त्यामुळे ४४ पॉइंट करून बसू नका. लोक टाळ्या वाजवतात आणि एकमेकांकडे बघतात. ३९ पुष्कळ झाले. १६ व्या होलवर ३७ झाले असतील तर १७ व्याला बॉल पाण्यात घाला, १८ व्याला दोन पॉइंट घ्या आणि मार्करला (तुमचं कार्ड लिहिणाऱ्याला) "वाचलो" म्हणा.

एवढं करूनही हँडिकॅप कमिटीचं पत्र आलं, तर पाठदुखीचं कारण चालतं. फक्त कुठल्या बाजूची पाठ दुखत होती ते आधी कॅडीला सांगून ठेवा.