'जराशा दणक्याला दोन आठवडे?' या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब. हवेत इंजिनने ताकद सोडल्यावर जमिनीवर आपटत उतरलेलं आपलं एअर अ‍ॅम्ब्युलन्सचं हेलिकॉप्टर दुरुस्तीसाठी आमच्या हँगरमध्ये इतके दिवस उभं राहिलं आणि त्या काळात आपल्याला पेशंटचे कॉल परत पाठवावे लागले, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत.

आता एक तारा देताना आपण जे लिहिलंय त्याबद्दल. 'जराशा दणक्याला दोन आठवडे लावले, इंजिन एका झटक्यात सुरू होत होतं तरी खोललं, वर इंधनाची चौकशी अशी केली जणू आम्ही गुन्हेगार, आणि बिलात बॅटरी घुसडली.' दिवसांचं आम्ही ऐकून घेतलं असतं. पण 'सुरू होत होतं तरी खोललं' हे बाकीचे ऑपरेटरही वाचतात, आणि आमचं पोट याच कामावर आहे. म्हणून जरा सविस्तर लिहावं लागतंय.

हवेत ताकद सोडलेलं इंजिन जमिनीवर सुरू होतं यात नवल काहीच नाही. आपल्या टर्बाइन इंजिनचं फ्युएल कंट्रोल (किती इंधन सोडायचं ते ठरवणारा भाग) हवेच्या दाबावर चालतं. कंप्रेसरचा दाब एका बारीक नळीतून त्याला कळतो. त्या नळीचा नट सैल झाला किंवा नळीला केसाएवढी चीर गेली की दाब गळतो. कंट्रोलला दाब कमी दिसतो, ते इंधन कमी करतं आणि इंजिन आयडलपर्यंत, म्हणजे नुसतं फिरत राहण्याइतक्या कमी वेगापर्यंत, उतरतं. धूर नाही, धमाका नाही. पायलटला कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा) तत्काळ खाली घेऊन ऑटोरोटेशनमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ताकदीशिवाय हवेच्या झोतावर रोटर फिरवत उतरण्यात, जावंच लागतं. खाली आल्यावर हेच इंजिन सुरू होऊन आयडलवर शांतपणे फिरू शकतं. अंगात बिघाड तसाच असतो.

नट सैल होता का, हे बघणं एरवी मिनिटांचं काम. नट ठरलेल्या जोराने आवळून झाला की नट आणि फिटिंग यांच्यावर मिळून रंगाची एक रेघ ओढलेली असते. रेघ तुटली असेल तर नट फिरला. पण हेलिकॉप्टर आमच्याकडे पोचलं तेव्हा आपल्या मेकॅनिकने 'खबरदारी म्हणून' सगळे नट आवळून ठेवले होते. त्यामुळे सगळ्याच रेघा तुटलेल्या. फ्युएल फिल्टर नवा, जुना फेकून दिलेला. टाकीचा तळ ड्रेन केलेला. आणि जमिनीवर इंजिन चालवून बघणंही (ग्राउंड रन) उरकलेलं. फिल्टरच्या वाटीत साचलेलं इंधन हा पहिला पुरावा असतो. त्यात पाणी आहे की गाळ, तेवढ्यावरून निम्मा शोध संपतो. तो पुरावाच नसेल तर एकेक नळी काढून प्रेशर टेस्ट करणं, फ्युएल कंट्रोल आणि गव्हर्नर (वेग सांभाळणारा भाग) काढून चाचणीच्या बेंचवर पाठवणं, नोझल तपासणं, याला दुसरा रस्ता नाही. चिप डिटेक्टरवर (तेलातले धातूचे कण पकडणारं चुंबक) नुसती लव, म्हणजे धातूची बारीक भुकटी, असेल तर पुसून पुढे जाता येतं. आम्हाला तिथे चमकदार पापुद्रे मिळाले. पापुद्रे म्हणजे बेअरिंगचा पृष्ठभाग सुटायला लागल्याची खूण, आणि त्यावर इंजिन फिरवलं की तोच चुरा तेलातून बाकीच्या बेअरिंगांपर्यंत पोचतो. खोललं ते यासाठी. फोटो रिपोर्टमध्ये आहेत.

इंधनाच्या नोंदी मागितल्या याचा आपल्याला राग आला. 26 ऑगस्ट 2011 रोजी अमेरिकेत, मिझुरी राज्यातल्या मॉस्बीजवळ, पेशंटला घेऊन जाणारं एक मेडिकल हेलिकॉप्टर इंजिन बंद पडून कोसळलं. पायलट, नर्स, पॅरामेडिक आणि पेशंट, चौघंही गेले. तपासात निघालं काय, तर इंधन संपलं होतं. त्यानंतर हा प्रश्न विचारण्यात कुणी अपमान मानू नये असं आम्हाला वाटतं.

राहिला 'जरासा दणका'. ऑटोरोटेशनमध्ये रोटरमध्ये साठलेली ऊर्जा शेवटी एकदाच वापरता येते. कलेक्टिव्ह थोडं उंचावर ओढलं गेलं तरी ती संपते आणि उरलेलं अंतर मशीन सरळ खाली पडतं. (पायलटवर बोट ठेवत नाही, सगळे जिवंत उतरले यातच सगळं आलं.) लहान हेलिकॉप्टरांच्या अमेरिकी नियमांत स्किडची (चाकांऐवजी असलेल्या खालच्या नळ्यांची) मूळ ड्रॉप टेस्ट, म्हणजे वरून टाकून बघण्याची चाचणी, 13 इंचांवरून, म्हणजे साधारण 33 सेंटिमीटरवरून, धरलेली आहे. दोन्ही स्किडना जोडणारी आडवी क्रॉस ट्यूब वाकून धक्का गिळायला बनवलेली असते. ती मर्यादेबाहेर फाकली म्हणजे उरलेला धक्का वर गेला. वर गिअरबॉक्स आणि रोटर, सगळ्यात जड सामान. म्हणून गिअरबॉक्सचे माउंट, मास्टचा (रोटरचा उभा दांडा) रनआउट म्हणजे वाकडेपणा, टेल बूम (शेपटी) जोडणारे बोल्ट, त्याच्या पत्र्यावरच्या सुरकुत्या, टेल रोटर शाफ्टची बेअरिंगं, सगळं बघावं लागतं. शिवाय फिरण्याचा वेग उतरलेला असताना आपटलं की ब्लेड खाली लवून टेल बूमला लागू शकतात, तीही खूण शोधावी लागते. त्यात आपलं मशीन मेडिकल. स्ट्रेचरचे फ्लोअर ट्रॅक, ऑक्सिजन सिलिंडरचे ब्रॅकेट, पंपांचे स्टँड यांची तपासणी वेगळ्या कागदांवर. नर्सची सीट खाली दबलेली होती. धक्का शोषणारी सीट एकदा दबली की तिचं काम झालं, ती परत वर ओढून बसवता येत नाही.

बिलातली बॅटरी इमर्जन्सी लोकेटरची, म्हणजे अपघातानंतर ठिकाण कळवणाऱ्या ट्रान्समीटरची, आहे. दणक्याने तो चालू झाला आणि आमच्या हँगरमध्ये येईपर्यंत कुणी बंद केला नव्हता. एकूण वापर 1 तासाच्या वर गेला की बॅटरी बदलायचीच. घुसडलेली नाही.

रोजची प्रगती फोनवर कळायला हवी होती ही आपली तक्रार मात्र योग्य आहे, त्यासाठी काहीतरी व्यवस्था बसवतोय. पुढे कधी वेळ आलीच (न येवो), तर इंजिन सुरू करू नका, काही आवळू नका, ड्रेन करू नका. लॉगबुकमध्ये नोंद करा, हेलिकॉप्टरची बॅटरी डिस्कनेक्ट करा आणि आधी आम्हाला फोन करा. यामुळे दिवस खरंच वाचतात. लोकेटरच्या बॅटरीची ओळ वेगळी दाखवून बिल पुन्हा पाठवतोय. रिपोर्ट वाचून झाल्यावर ताऱ्यांचं काय ते आपण ठरवा.