शिवनेरी, पोचपावती आणि वर्षाला पाच रुपये

‘एक करदाता’ यांस,

संशोधन नेटवर्कवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया झणझणीत आहे, म्हणून दोन ओळींत बोळवण करत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: संशोधनासाठीची वेगवान नेटवर्कं ही शास्त्रज्ञांची सरकारी खर्चानं घेतलेली खेळणी आहेत, वेब उभं केलं ते कंपन्यांनी, आता ५जी आल्यावर वेगळ्या तारा कशाला, आणि चार डिस्क पिशवीत टाकून शिवनेरीनं मुंबईला गेलात तर तुम्ही माझ्या नेटवर्कच्या आधी पोचाल.

आधी माझी चूक. ‘वेबचा जन्म वेगवान नेटवर्कमधून झाला’ हे माझं पहिलंच वाक्य चुकीचं होतं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये सर्नमध्ये, म्हणजे जिनिव्हाजवळच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, जो प्रस्ताव दिला, तो वेगासाठी नव्हताच. माणसं येतात, जातात आणि त्यांच्याबरोबर माहिती हरवते, हे त्यांचं दुखणं होतं. वेबचा पहिला सर्व्हर ‘नेक्स्ट’ कंपनीच्या एका संगणकावर चालायचा आणि ‘हा सर्व्हर आहे, बंद करू नका’ अशी हातानं लिहिलेली चिठ्ठी त्यावर डकवलेली होती. त्या काळी अमेरिकेतल्या एनएसएफनेट या संशोधन नेटवर्कचा कणाही सेकंदाला दीड मेगाबिटचाच होता.

पण ‘कंपन्यांनी उभं केलं’ हेही तितकंच चूक. ३० एप्रिल १९९३ ला सर्ननं वेबचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं. मजकुरातच चित्र दाखवून लोकांना वेड लावणारा मोझेक हा ब्राउझर त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटर केंद्रातून आला. दोन्ही ठिकाणी पैसा करदात्यांचाच, म्हणजे तुमच्या भाऊबंदांचा. कंपन्यांनी ते घरोघर नेलं, हे शंभर टक्के मान्य.

आता शिवनेरी. मी खरंच हिशेब केला. चार टेराबाइटच्या चार डिस्क, चार तासांचा प्रवास: जवळजवळ ९ गिगाबिट प्रति सेकंद. भारीच! फक्त या डिस्क इथे भरायला आणि तिथे रिकाम्या करायला प्रत्येकी सात-साडेसात तास लागतात (चारही एकदम लावल्या तरी), ते धरले की वेग दोन गिगाबिटच्या खाली येतो. वाटेतला घाट मी धरलेलाच नाही. तरी ही पद्धत हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कृष्णविवराच्या छायाचित्रासाठी २०१७ मध्ये जगभरच्या दुर्बिणींनी निरीक्षणं घेतली, तो डेटा डिस्कवर विमानानंच गेला. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा सरेपर्यंत अडकून पडल्या होत्या.

खरा मुद्दा मात्र तारेच्या जाडीचा नाही, पोचपावतीचा आहे. मूळ लेखात हे मी नीट सांगितलं नाही. टीसीपी, म्हणजे इंटरनेटवर डेटा पोचवायची नियमावली, ही पूर्वीची रजिस्टर एडीच. थोडी पत्रं पाठवायची, पोचपावती आली की पुढची टाकायची. पावतीविना किती पाठवायचं याची जुनी मर्यादा ६४ किलोबाइटची. पुण्याहून जिनिव्हाला जाऊन यायला दीडशे मिलिसेकंद धरा, तर तार १० गिगाबिटची असो की १०० ची, हातात पडतात साडेतीन मेगाबिट. एक टेराबाइट यायला सव्वीस दिवस. १० गिगाबिटची तार भरून वाहायची तर पावती न आलेला १८० मेगाबाइटच्या वर माल सतत वाटेत हवा. ही मर्यादा वाढवायची सोय १९९२ मध्ये ठरली, ती दूरच्या जाड तारांसाठीच. आज ती तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहे.

बरं, एवढा माल वाटेत असताना एखादं पॅकेट, म्हणजे डेटाचं एखादं पाकीट, हरवलं तर? ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिथलं विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. हजार नव्हे, नुसते चाळीस. अंतर चारशे यार्ड, म्हणजे लक्ष्मी रोडवरचे दोन-तीन चौक. व्हॅन जेकबसन यांनी त्याचं कारण शोधलं आणि ‘पॅकेट हरवलं की हात आखडायचा’ हा उपाय दिला. इंटरनेट अजून उभं आहे त्यात त्या उपायाचा वाटा मोठा. त्याची किंमत मात्र लांबच्या रस्त्यावर मोजावी लागते.

हे मी स्वतः भोगलंय. ज्या महाविद्यालयात मी नेटवर्क सांभाळायचो तिथे एक गिगाबिटची लाइन आली. गावातल्या गावात चाचणी घेतली की ९४० मेगाबिट. युरोपातून फाइल उतरवायला घेतली की बारा-तेरा. दोन आठवडे मी परदेशातल्या सर्व्हरला शिव्या घालत होतो. शेवटी जिन्याखालचं रॅक उघडलं. शेजारी झाडू आणि गणपतीच्या जुन्या मखराचा थर्माकोल. फायबरच्या टोकावर त्याचीच धूळ. अल्कोहोलच्या बोळ्यानं टोक पुसलं आणि वेग आला. वीस हजारांत एखादंच पॅकेट गळत असणार. गावात पावती एका मिलिसेकंदात येते, आखडलेला हात लगेच सुटतो, त्यामुळे गळती कळतच नाही. दीडशे मिलिसेकंदांवर तीच गळती गळा आवळते. वेगळं संशोधन नेटवर्क हवं ते यासाठी. तिथे मोजके, पण प्रचंड प्रवाह असतात, आणि असली बारीक गळती या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजता येते.

५जीबद्दल एवढंच, की टॉवरच्या पुढे तीही शेवटी फायबरवरच जाते. आणि खोडदला जाऊन हा प्रस्ताव मांडूच नका! तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्या, काही पंचवीस किलोमीटर लांब पसरलेल्या, त्यांचे संदेश फायबरनं मध्यवर्ती इमारतीत येतात आणि तिथे एकत्र होतात. मोबाइलच्या लहरी म्हणजे त्या दुर्बिणीच्या कानाशी गोंगाटच.

खर्चाचं बोलू. देशातल्या शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणाऱ्या राष्ट्रीय ज्ञान नेटवर्कला मार्च २०१० मध्ये मंजुरी मिळाली, दहा वर्षांसाठी ५,९९० कोटी रुपये. २०११ च्या जनगणनेनं भागा: माणशी पन्नासच्या आत, वर्षाला पाच रुपये. कटिंगसुद्धा येत नाही. तो पैसा सगळीकडे नीट वापरला गेला का, हा प्रश्न रास्त आहे. मी त्या जिन्याखाली बसलेला माणूस आहे, हो म्हणणार नाही.

एक गुण तुमचा. टीसीपीच्या पुढचं पाऊल, क्विक, हे गूगलमध्ये जन्मलं. २०२१ मध्ये ते प्रमाणित झालं आणि पुढच्या वर्षी त्यावरच उभं असलेलं एचटीटीपी-३, म्हणजे वेबपानं मागवायच्या नियमांची नवी आवृत्ती, हेही. मी ते लेखातून गाळलं होतं, कारण माझ्या मांडणीला ते सोयीचं नव्हतं. आता घातलंय. पहिलं वाक्यही बदललंय. जुनं काट मारून तसंच ठेवलंय, नाहीतर तुम्ही नेमके कशावर चिडलात हे नंतर येणाऱ्याला कळायचं नाही.