कलोडनची पुस्तकं आणि तलवारीचा मोह : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही मुद्देसूद लिहिलंत, त्यामुळे दोन ओळींत उरकणं बरं दिसलं नसतं. स्टुअर्ट घराण्याला ब्रिटनची गादी परत मिळवून देऊ पाहणाऱ्या जॅकोबाइटांच्या उठावांवरच्या वॉरगेमसाठी, म्हणजे टेबलावर सैनिकांच्या मूर्ती मांडून खेळायच्या लढाईसाठी, पुस्तकं सुचवताना मी जॉन प्रेबलचं १९६१चं ‘कलोडन’ तळाला टाकलं आणि जॅकोबाइट सैनिकांच्या रुक्ष नामावलीला मानाचं पान दिलं, हा तुमचा आक्षेप. शिवाय ‘हायलँडर म्हणजे तलवार उपसून तुटून पडणारा गडी, त्याला हल्ल्यात दोन फासे जास्त द्या की झालं,’ असंही म्हणता. (हायलँडर म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला माणूस.)

प्रेबल वाचू नका असं मी म्हटलेलंच नाही. लढाईनंतर जखमींची झालेली कत्तल आणि डोंगरातल्या गावांची धूळधाण त्याच्याकडेच वाचावी. पण तो सामान्य माणसांची परवड सांगायला बसला होता. मला हवंय ते वेगळं : १६ एप्रिल १७४६ला, जॅकोबाइट हरले त्या कलोडनच्या लढाईत, कोणती पलटण कुठे उभी होती, किती माणसांची होती, त्यांच्या हातात काय होतं.

आता तुमच्या तलवारीकडे येऊ. कलोडनच्या लढाईनंतर विजेत्यांनी जी हत्यारं मोजली त्यांत २,३२० बंदुका होत्या आणि तलवारी फक्त १९०. इतिहासकार मरे पिटॉक या आकड्यांच्या जोरावर सांगतो की जॅकोबाइटांची ही बंदुका आणि कवायत असलेली, बरीचशी नेहमीच्या युरोपीय वळणाची फौज होती आणि तिच्यात लोलँड म्हणजे सखल भागातली माणसंही भरपूर होती. मला त्याचं बरंचसं पटतं, सगळं नाही. हायलँडर एक फैर झाडून बंदूक टाकून धावत, म्हणजे रानात बंदुका जास्त सापडणारच. आणि चांगली तलवार सापडली तर ती सरकारजमा करणारा शिपाई विरळाच! पण फॉल्कर्कची लढाई बघा. १७ जानेवारी १७४६ला तिथे सरकारी ड्रॅगून घोडेस्वार चालून आले, तेव्हा हायलँडरांनी त्यांना अगदी जवळ येऊ दिलं आणि एका फैरीत उधळून लावलं. तुमच्या ‘दोन फासे जास्त’ नियमात ही फैर कुठे बसते?

दुसरी गोष्ट. कलोडनला सरकारी सैन्याचे ५० ठार आणि २५९ जखमी झाले. त्यातले १७ ठार आणि १०८ जखमी एकट्या बॅरलच्या पलटणीचे. म्हणजे हल्ला भिडला तो सरकारी फळीच्या डाव्या टोकाच्या अरुंद जागेत. दुसऱ्या टोकाला मॅकडोनाल्ड कुळाच्या मंडळींना अंतर जास्त, त्यात दलदल. ते नीट पोहोचलेच नाहीत. सगळ्या कुळांना सरसकट एकच अधिक गुण दिलात तर टेबलावर ही लढाई घडतच नाही.

म्हणून माझा क्रम तोच राहील. आधी स्टुअर्ट रीडचं १९९६चं पुस्तक. सरकारी पलटणींकडेही तो धड बघतो, आणि त्यांत स्कॉटिश पलटणी होत्या हे विसरू देत नाही. मग ख्रिस्तोफर डफीचा २००३चा सहाशेहून जास्त पानांचा ठोकळा. त्याचा कल जॅकोबाइटांकडे आहे, लपवतही नाही. पण रस्ते, हवामान, फौजेची रोजची वाटचाल यांबाबत त्याचा हात धरणारा कुणी नाही. मोहिमेचा खेळ लावणाऱ्याने त्याच्यावर पैसे घालवावेत. नामावली १९८४ साली ऍबर्डीन विद्यापीठाच्या छापखान्याने काढलेली. ती कुणी सलग वाचत नाही, पण आपली पलटण कोणत्या गावची हे शोधायला दुसरं साधन नाही. जॅकोबाइट फौजेतल्या शेव्हालिए जॉनस्टनच्या आठवणी वाचायला झकास आहेत. फक्त हा गृहस्थ जॅकोबाइट सेनानी लॉर्ड जॉर्ज मरेचा भक्त आणि उठावाचा पुढारी राजपुत्र चार्ल्स याच्यावर खार खाऊन, एवढं लक्षात ठेवा.

रंगकामासाठी पुस्तकाआधी डेव्हिड मॉरिएचं चित्र बघा, बॅरलच्या ग्रेनेडियरांवर तुटून पडलेल्या हायलँडरांचं. एकाच माणसाच्या अंगावर कोट एका चौकटीच्या कापडाचा (म्हणजे टार्टनचा) आणि पट्टू दुसऱ्याच. अमुक कुळाची अमुक चौकट हा प्रकार नंतरचा. अख्खी पलटण एकाच टार्टनमध्ये रंगवणाऱ्या मित्रांनी माझ्यावर रागावावं, हरकत नाही.

‘यापेक्षा असईची लढाई खेळा’ हा तुमचा टोला आवडला. खेळूच. पण १८०३ला असईत शिंद्यांच्या तोफांसमोर वेलस्लीच्या फौजेत ७४वी आणि ७८वी हायलँडर पलटण होती, तेव्हा हा विषय आपल्यापासून वाटतो तितका लांब नाही.

फॉल्कर्क लावणार असाल तर पावसाचा नियम आधी ठरवा. वारा-पाऊस सरकारी शिपायांच्या तोंडावर होता, काडतुसं भिजली होती. त्यांच्या किती फैरी फुकट जाव्यात यावर आपलं पुन्हा वाजणार, हे धरून चाललोय.