तळाचा संघ एनबीएबाहेर जात नाही

कोथरूडच्या बास्केटबॉल ग्रुपांवर मेसेज फिरतोय की एनबीएतले (अमेरिकेतली मोठी बास्केटबॉल लीग) तळाचे दोन संघ दरवर्षी बाहेर काढतात. हे चुकीचं आहे. तो नियम स्पेनच्या बास्केटबॉल लीगचा. तिथे 18पैकी शेवटचे दोन क्लब खालच्या श्रेणीत जातात.

एनबीएचे 30 संघ कायम असतात. गुणतक्ताच बघा : 2024-25मध्ये यूटा जॅझने 82पैकी जेमतेम 17 सामने जिंकले, सगळ्यांत कमी. तरी पुढच्या हंगामात ते खेळलेच. उलट हरणाऱ्यांना ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या, सोडतीत आधीचा क्रमांक मिळायची जास्त संधी असते.

काल सरावानंतर एका मुलाने बॉल छातीशी धरून विचारलं, "दादा, जॅझ गेले का?" रडवेला झाला होता. मुलं हे खरं मानतात हो. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच ही दुरुस्ती टाका.